पंप बदलला, फिल्टर बदलला, गाडी पुन्हा बंद

(या भागात जे बोललो ते खाली लिहून देतोय. अडखळलेलं आणि दोनदा बोललेलं तेवढं गाळलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? लावा, कारण आज मी जरा हळू बोलणार आहे. गावी आलोय, हिरकणीवाडीला, आणि पलीकडच्या खोलीत बाबा झोपलेत. आजची गोष्ट त्यांच्या ट्रकची आहे. त्यात माझी जी फजिती झाली ती त्यांनी आजवर चारचौघांत काढलेली नाही, म्हणून म्हटलं आपणच सांगून टाकू.

ज्यांना हिरकणीवाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रायगडाचा रोपवे जिथून सुटतो ते आमचं गाव. 1996 पासून रोपवे आहे. लोक येतात, पाळण्यात बसतात, वर जातात, खाली येऊन पिठलं-भाकरी खातात आणि निघतात. हिरकणीची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकलीच असेल. दूध विकायला गडावर गेली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून रात्री कडा उतरून आली. तिच्या नावाचं हे गाव. पण पाळण्यातून सिमेंट येत नाही, चिरे येत नाहीत, गुरांचा पेंढा येत नाही. ते सगळं महाडहून नाते, कोंझर, पाचाड करत रस्त्याने येतं, आणि त्यातलं बरंचसं आमच्या बाबांच्या ट्रकमधून येतं.

ट्रक टाटाचा, सहाचाकी, 2003 चं मॉडेल. इंजिन 697. लहानपणी मला वाटायचं हा असाच कुठला तरी नंबर असेल. तसं नाही. 6 म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. 407 मध्ये जे 497 इंजिन यायचं त्याचंही तेच, चार सिलिंडर, 97 मिलिमीटर. नाव ठेवावं तर असं. आम्ही कंपनीत फायलींना 'फायनल-2-नवीन-खरंच-फायनल' अशी नावं देतो.

तर मे 2023. शिवराज्याभिषेकाचं 350 वं वर्ष लागणार होतं. तिथीने 2 जूनला आणि तारखेने 6 जूनला गडावर तुफान गर्दी होणार हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे तेवढे दिवस मालाची गाडी या रस्त्याला काढण्यात अर्थ नाही, आणि त्यानंतर लगेच पाऊस. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पडतो. एकदा लागला की बांधकामं बंद, भाडी बंद. त्यामुळे मे महिन्याचे शेवटचे पंधरा दिवस ही ट्रकवाल्याची सुगी. पावसाळ्याचे चार महिने घर त्याच्यावर चालतं.

बाबांनी पाचाडच्या बाजूला एका घराच्या चिऱ्यांचं काम घेतलं होतं. जुनं घर पाडलेलं, माणसं गोठ्यात राहायला गेलेली. पावसाच्या आत भिंती उभ्या राहून वर पत्रे चढायला हवे होते. पाच खेपा ठरल्या होत्या. दुसऱ्या खेपेला कोंझरच्या पुढच्या चढावर ट्रक बंद पडला.

त्या दिवशी शनिवार होता, मला सुट्टी, म्हणून मी बाबांबरोबर केबिनमध्ये होतो. गाडी कशी बंद पडली ते नीट ऐका, कारण सगळं उत्तर त्यातच होतं आणि मी ते ऐकलं नाही. सपाटीला गाडी मस्त चालत होती. चढ लागला, बाबांनी खालचा गिअर टाकला, अॅक्सिलरेटर दाबला, तर ताकदच येईना. दोन-तीन आचके आणि इंजिन गप्प. भरलेला ट्रक, चढ, आणि एअर ब्रेक. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, म्हणजे हवेच्या टाकीत जेवढी हवा शिल्लक आहे तेवढेच ब्रेक. बाबांनी हँडब्रेक ओढला आणि एवढंच म्हणाले, "उतर, दगड लाव." मी उडी मारून मागच्या चाकांखाली दगड लावले. खोटं कशाला सांगू, हात थरथरत होते.

वीस मिनिटांनी बाबांनी पुन्हा स्टार्टर मारला. चालू झाली! जणू काही झालंच नाही. पाचाडपर्यंत आणखी एकदा बंद, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा चालू. माल उतरवला, रिकामी गाडी घरी आणली, येताना एकदाही बंद नाही.

रात्री मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसलो. 'चढावर ताकद जाते, गाडी बंद पडते' असं शोधलं. चार व्हिडिओ, चारही ठिकाणी उत्तर एकच, फिड पंप गेलाय, बदला, सोबत फिल्टर बदला. झालं निदान. बाबा म्हणाले, चाचांना फोन करतो. चाचा म्हणजे महाडचे जुने मिस्त्री, आमची गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हातची. मी म्हटलं, कशाला, मी करतो. लोणेऱ्याला चार वर्षं बीटेक केलंय, तीन नटांचा पंप बदलता येणार नाही का?

आता हा पंप म्हणजे कुठला पंप, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

डिझेल गाडीत पेट्रोलसारखा स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबतात की ती जाम तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. फवारा मारायला दाब लागतो. अशा जुन्या इंजिनात नोझल उघडतं साधारण 200 बारच्या आसपास. कारच्या टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोन बार, म्हणजे जवळजवळ शंभरपट. हा दाब तयार करणारा मोठा पंप इंजिनाच्या बाजूला बसलेला असतो, त्याला गॅरेजमध्ये सगळे मायको पंप म्हणतात. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, बंगळुरूत 1951 साली सुरू झालेली, बॉशची. जर्मनीत बॉशने 1927 मध्येच डिझेलचे असे पंप कारखान्यात बनवायला सुरुवात केली होती. 2008 साली मायकोचं नाव बदलून बॉश लिमिटेड झालं, पण आमच्याकडे अजून कोणी 'बॉश पंप' म्हणत नाही.

तर हा मोठा पंप स्वतः टाकीतून डिझेल ओढत नाही. त्याच्या कुशीला मुठीएवढा एक छोटा पंप असतो, तो फिड पंप. आत एक दट्ट्या, एक स्प्रिंग आणि दोन व्हॉल्व, बस. मोठ्या पंपाचा कॅम दट्ट्याला ढकलतो, स्प्रिंग त्याला परत आणते. टाकीतून डिझेल ओढायचं, फिल्टरमधून ढकलायचं, मोठ्या पंपाला पोचवायचं, एवढंच काम. दाब फक्त एक-दीड बार, कारच्या टायरपेक्षा कमी. त्याच्या डोक्यावर गोल मूठ असते, ती फिरवून मोकळी केली की हाताने डिझेल चढवता येतं. तो प्रायमर.

फिल्टर दोन असतात, शेजारी शेजारी दोन बाउलमध्ये. पहिला कापडी, जाडी घाण अडवायला. दुसरा कागदी, बारीक घाण अडवायला. एवढी काळजी का, तर मोठ्या पंपातला प्लंजर आणि त्याचं बॅरल यांच्यातली फट असते दोन-चार मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्या फटीत बारीक कचरा गेला तर ओरखडे पडतात आणि मग मोठा पंप खोलून कॅलिब्रेशनला. तो खर्च ऐकून ट्रकवाला खाली बसतो.

आता यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. टाकीपासून फिड पंपापर्यंत ओढण्याची बाजू. फिड पंपाच्या पुढे ढकलण्याची बाजू. ढकलण्याच्या बाजूला कुठे गळत असेल तर डिझेल बाहेर टपकतं, डोळ्याला दिसतं. ओढण्याच्या बाजूला बारीक फट असेल तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. खाली जमीन कोरडी ठाक आणि गाडी एअर घेतेय. हे मला चाचांनी नंतर सांगितलं. आधी माहीत असतं तर पहिल्या दिवशी अर्धा तास वाचला असता.

रविवारी सकाळी महाडच्या बाजारातून नवीन फिड पंप, दोन्ही फिल्टर, रबरी रिंगा आणि तांब्याचे वायसर घेऊन आलो. मोठ्या पंपाच्या कामापुढे हा खर्च किरकोळ, पण त्या आठवड्यात तोही डोळ्यावर येणारा होता.

काम असं केलं. गाडी सपाटीला, इंजिन पूर्ण गार, चाकांना दगड. आधी फिड पंपाच्या आजूबाजूचा सगळा भाग ब्रशने आणि फडक्याने साफ. हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका, कारण पाइप उघडल्यावर तिथली माती थेट आत जाते. पाइपांचे बोल्ट सोडले, तोंडाला स्वच्छ फडकं गुंडाळलं. कुठला पाइप टाकीकडून येतो आणि कुठला फिल्टरकडे जातो त्याचे दोन फोटो काढले. जुना पंप काढला, खालचं जुनं पॅकिंग ब्लेडने हळू खरवडलं, नवीन पॅकिंग, नवीन पंप, नट थोडे थोडे करून आळीपाळीने आवळले. एक नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर पॅकिंग तिरकं बसतं आणि तिथून मोठ्या पंपाचं ऑइल पाझरतं.

मग फिल्टर. बाउलचा मधला बोल्ट सोडला, खाली डबा धरला, जुने फिल्टर काढले. आणि काढले ते सरळ कचऱ्याच्या गोणीत टाकले. हे वाक्य लक्षात ठेवा.

बाउल डिझेलनेच धुतले, नवीन फिल्टर बसवले, नवीन रबरी रिंग लावली, आवळलं. प्रायमर मारायला लागलो तर फिल्टरच्या वरच्या कडेतून डिझेल ठिबकतंय. आणखी आवळलं, आणखी ठिबकलं. अर्ध्या तासाने पुन्हा उघडलं तेव्हा कळलं, जुनी रबरी रिंग वरच्या खाचेतच चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावर नवीन चढवली होती. काळ्यावर काळं, दिसणार कसं? नखाने खाच चाचपून बघा, एवढंच सांगेन.

यानंतर एअर काढायची. हा भाग मला मनापासून आवडला. टाकीकडून इंजिनाकडे अशाच क्रमाने जायचं. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू ढिला करायचा आणि प्रायमर मारत राहायचा. आधी नुसती फुसफुस, मग फेस, मग फेसाबरोबर डिझेल, मग बुडबुडे कमी होत होत एकसंध डिझेल. तसंच चालू ठेवून स्क्रू आवळायचा. मग मोठ्या पंपावरचा स्क्रू, तोच प्रकार. मग नोझलकडच्या पाइपांचे नट एकेक आटा ढिले करून स्टार्टर मारायचा, डिझेल उडायला लागलं की आवळायचे. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको, मध्ये थांबा, नाहीतर तो जळेल. प्रायमरची मूठ शेवटी फिरवून बंद करायला विसरू नका.

दोन सूचना, आणि या गंभीर आहेत. एक, नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट धरून बघायचं नाही. 200 बारचं डिझेल कातडीत घुसतं, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आतून बोट सडतं. असं झालं तर मलम नाही लावायचं, ताबडतोब हॉस्पिटल. दुसरी, नोझलचे नट ढिले करायचा प्रकार फक्त अशा जुन्या इंजिनांसाठी. कॉमन रेलच्या गाडीत, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 ट्रकमध्ये आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांमध्ये, तिथला दाब हजार बारच्या कितीतरी वर असतो. तिथे पान्याला हातही लावू नका.

तर सहा सिलिंडर एकेक करून पेटले आणि ट्रक सुरू झाला. संध्याकाळचे पाच वाजलेले. मी डिझेलने माखलेला, स्टेटसला फोटो, ऑफिसच्या ग्रुपवर फोटो. बाबांनी इंजिनाचा आवाज ऐकला आणि मान डोलावली. मी त्यांना म्हटलं, बघा, झालं. आणि तेवढ्यावर न थांबता म्हटलं, तरीपण आता ही विकून टाका, किती दिवस असं करणार? हे मी दोन वर्षं म्हणत होतो. माझं म्हणणं सोपं होतं. मला पगार आहे, हप्ता मी भरतो, छोटी नवीन गाडी घेऊ. बाबा यावर काही बोलत नसत. तेव्हाही बोलले नाहीत.

सोमवार, मंगळवार गाडी चालली. हलका माल होता, पेंढा आणि पत्रे. बुधवारी चिऱ्यांची तिसरी खेप, पूर्ण लोड. मी घरी लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये. बाबांचा फोन आला. त्याच चढावर बंद, आणि या वेळी वीस मिनिटं थांबूनही नीट चालेना.

मी बाइकवरून पोचलो तेव्हा बाबा चाकाजवळ सावलीत बसले होते. त्या घराचा मालकही आला होता. तो काही ओरडला वगैरे नाही, आभाळाकडे बघत होता फक्त. वळवाचे ढग जमलेले. ते बघणं मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. बाबा म्हणाले, "चाचांना बोलावलंय."

चाचा एका पोराच्या बाइकवर मागे बसून आले, मांडीवर वीस लिटरचा कॅन, खांद्यावर पाइपाचं भेंडोळं. आल्यावर बॉनेटकडे बघितलंही नाही. मला तीन प्रश्न विचारले. रिकामी असताना बंद पडते का? बंद पडल्यावर किती वेळाने चालू होते? डिझेल टाकी किती भरलेली असते? मी उत्तरं दिली. मग ते टाकीकडे गेले. टाकीच्या झाकणावर बाबांनी प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधली होती. चाचांनी सुतळी सोडली, कान जवळ नेऊन झाकण हळूच फिरवलं. म्हणाले, "आवाज नाही. म्हणजे हवा कोंडली नाही." टाकीला श्वास घ्यायला जागा लागते. ती बंद झाली तर डिझेल उपसलं जाईल तशी आत पोकळी होते आणि पंपाला डिझेल ओढवत नाही. झाकण उघडताना सूं आवाज आला तर समजायचं तेच झालंय. आमच्याकडे ते नव्हतं. एक शक्यता बाद.

मग त्यांनी कॅन केबिनच्या मागे बॉडीला उंचावर घट्ट बांधला, सायलेन्सरपासून लांब. फिड पंपाचा टाकीकडचा पाइप काढला आणि त्याजागी आपला पाइप लावून त्याचं दुसरं टोक कॅनमध्ये सोडलं. परतीचं डिझेल येतं तो पाइपही कॅनमध्ये, कारण नाहीतर जादा डिझेल टाकीत जात राहतं आणि कॅन बघता बघता रिकामा होतो. प्रायमर मारला, एअर काढली, बाबांना म्हणाले, "मार." आणि तो ट्रक, चिऱ्यांनी भरलेला, तो सबंध चढ एका दमात चढला. मी बाइकवर मागून जात होतो. एक आचका नाही.

म्हणजे पंप ठीक, फिल्टरपासून पुढचं सगळं ठीक. भानगड कॅनने जी जागा घेतली तिथे होती, टाकी आणि टाकीपासूनचा पाइप. पन्नास-साठ हजार ओळींच्या कोडमध्ये चूक शोधताना आम्ही अर्धा भाग बंद करून बघतो, राहिला तो दोषी. तेच चाचांनी एका कॅनने केलं, तेही रस्त्याच्या कडेला, दहा मिनिटांत. आणि मला हे सुचलं नाही याची लाज वाटली, कारण मला पगार याच कामाचा मिळतो.

चिरे उतरवून आम्ही घरी आलो. चाचांनी पाणी प्यायलं आणि विचारलं, "जुने फिल्टर कुठायत?" मी गोणी दाखवली. त्यांनी कागदी फिल्टर काढला, ब्लेडने उभा कापला, कागदाच्या घड्या वर्तमानपत्रावर उलगडल्या. आत तपकिरीसारखी भुकटी. कापडी पिळला, त्यातूनही तेच, वर काळा बुळबुळीत थर. "हा गंज," चाचा म्हणाले. "टाकीतनं आला. फिल्टर फेकायच्या आधी बघायचा तरी."

सर्व्हर पडल्यावर कोणी लॉग न वाचता पुसून टाकले तर आम्ही त्याला काय काय बोलतो. मी नेमकं तेच केलं होतं.

मग टाकी. तळाचा बोल्ट सोडून पहिलं जे येतं ते चाचांनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरलं आणि बाटली कट्ट्यावर ठेवली. पाच मिनिटांत खाली पाणी, वर डिझेल, मध्ये स्पष्ट रेघ. पाणी जड, ते टाकीच्या तळाला बसतं आणि पत्र्याला खातं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतूही वाढतात, तो काळा बुळबुळीत थर त्यांचाच. टाकीत उतरणाऱ्या पाइपाच्या टोकाला जाळी होती, ती काढली तर जाळी दिसतच नव्हती, गंजाच्या पापुद्र्यांनी भरलेली. आता सगळं जुळलं. चढावर इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते, पापुद्रे जाळीला चिकटतात, डिझेल तुटतं, इंजिन बंद. वीस मिनिटं थांबलं की ओढ नाही, पापुद्रे खाली बसतात, गाडी चालू. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागतं, म्हणून येताना काही होत नव्हतं. पहिल्या दिवशी कोंझरच्या चढावर ट्रकने हे सगळं सांगितलं होतं, आणि मी व्हिडिओ बघत बसलो.

टाकी उतरवून तीनदा डिझेलने खळबळून धुतली. हे करताना जवळपास बिडी, वेल्डिंग, ग्राइंडर काही नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. धुतलेलं घाण डिझेल कॅनमध्ये भरून चाचा घेऊन गेले. ते पऱ्यात ओतू नका, खाली त्याच पऱ्याचं पाणी गुरं पितात. नवीन बसवलेले फिल्टर तीन दिवसांत तपकिरी झाले होते, ते पुन्हा बदलले. आणि माझा काढलेला जुना फिड पंप चाचांनी डिझेलच्या घमेल्यात बुडवला, तोंडावर अंगठा धरून प्रायमर ओढला. अंगठा चिकटला. पंप चांगला होता, बदलायची गरजच नव्हती. तो आता धुऊन, ऑइल लावून, पिशवीत गुंडाळून सीटखाली ठेवलाय, जादा म्हणून.

पाणी आत कुठून गेलं हा प्रश्न राहिला. चाचांनी झाकण उलटं करून बाबांना दाखवलं. आतला रबरी वायसर नव्हताच. बाबा म्हणाले, मागच्या पावसातच गेला. चाचा म्हणाले, "मग टाकला का नाही? किती रुपयांचा येतो?" बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा म्हणतो विकायचीच आहे. म्हटलं विकायच्या गाडीला कशाला."

यावर कोणी काही बोललं नाही. आई चहा घेऊन आली.

उरलेल्या दोन खेपा 31 मेपर्यंत झाल्या. घराला पत्रे चढले ते नंतर, पण पाऊस जोर धरायच्या आत चढले. ट्रक आम्ही विकलेला नाही. दरवर्षी फिटनेसला जातो, पास होतो. मी आता गावी आलो की महिन्यातून एकदा टाकीच्या तळाचा बोल्ट किंचित सोडून बाटलीत अर्धा पेला धरतो आणि रेघ दिसते का बघतो. पावसाळ्यात ट्रक उभा करायचा असेल तर टाकी भरून उभा करतो, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते. काढलेला फिल्टर कापून बघितल्याशिवाय फेकत नाही.

झाकण महाडहून नवीन आणलं, रबरी वायसरसकट, बसतं पण एकदम घट्ट. बाबा तरी पावसाळा आला की त्याच्यावर पिशवी बांधतात. सुतळी मात्र आता सैल ठेवतात, टाकीला श्वास घेता यावा म्हणून.